मॅटने गाळलेला शब्द

माझ्या भाचीचा मुलगा अमेरिकेत पाचवीत शिकतो. गेल्या वर्षी जूनमध्ये तो आईबरोबर आमच्याकडे कोकणात आला. पावसाने बाहेर पडणे बंद केले, तेव्हा ओटीवर बसून शाळेने नेमून दिलेले एक पुस्तक वाचू लागला. एलिझाबेथ जॉर्ज स्पिअर या लेखिकेची ‘द साइन ऑफ द बीव्हर’ ही कादंबरी. वाचता वाचता मध्येच थांबून त्याने मला विचारले, “नाना, मॅटने तो शब्द गाळला, हे खोटं बोलणं झालं का?” मी उत्तर टाळले, कारण तोवर मी पुस्तक वाचलेले नव्हते. ते परत गेले, पण पुस्तक इथेच राहिले. मग मी ते दोनदा वाचले.

आपल्याकडे बालसाहित्याची चर्चा निघाली की ‘संस्कारक्षम’ हा शब्द हमखास येतो. साहस असावे, पण निकोप असावे. इतिहास असावा, पण मुलांच्या मनावर ओरखडा उठू नये. अमेरिकेतील वसाहतकाळावरील बालवाङ्मयाला हेच वर्णन लागू पडते. जंगलात ओंडक्यांचे घर, शूर आणि कष्टाळू कुटुंब, अस्वल, बर्फ, उपासमारीचा हिवाळा आणि शेवटी उगवलेले पीक. अशा शेकडो पुस्तकांवर तिथल्या पिढ्या वाढल्या. स्पिअरबाई (१९०८–१९९४) या परंपरेतल्या मानाच्या लेखिका. त्यांना न्यूबेरी पदक दोनदा मिळाले, १९५९ आणि १९६२ साली. ‘द साइन ऑफ द बीव्हर’ हे १९८३ सालचे पुस्तक न्यूबेरीच्या सन्मानयादीत आले, आणि मुलांसाठीच्या ऐतिहासिक कादंबरीसाठी असलेला स्कॉट ओ’डेल पुरस्कार पहिल्यांदा दिला गेला तोही याच पुस्तकाला.

कथा १७६८ सालातली. आज ज्याला मेन राज्य म्हणतात तो प्रदेश तेव्हा मॅसॅच्युसेट्सच्या ताब्यात होता. बारा वर्षांचा मॅट आणि त्याचे वडील रानात घर बांधतात, मका पेरतात. मग वडील आई, बहीण आणि नव्या बाळाला आणायला निघून जातात आणि मॅट एकटा राहतो. एक भटका येऊन त्याची बंदूक चोरतो, अस्वल पीठ फस्त करते. मधाच्या लोभाने झाडावर चढलेल्या मॅटवर मधमाश्या तुटून पडतात, आणि त्याला तळ्यातून बाहेर काढतो साकनिस नावाचा एक वृद्ध मूलनिवासी. साकनिस उपकाराचा मोबदला मागतो, तोही अगदी अनपेक्षित. माझा नातू अटियन याला वाचायला शिकव, असे तो म्हणतो. गोरे लोक कागदावर खुणा करून घेतात आणि जमीन जाते; त्या खुणा आमच्यापैकी कुणाला तरी वाचता आल्या पाहिजेत.

मला विचाराल तर स्पिअरबाईंची सारी प्रतिभा या एका मागणीत आहे. साहसकथेत रानटी माणसाला शिकवणे हे गोऱ्या नायकाचे औदार्य असते. इथे शिक्षण हा करार आहे, आणि तो मागणाऱ्याला त्याची नेमकी गरज ठाऊक आहे.

मॅटजवळ पुस्तके दोनच, बायबल आणि ‘रॉबिन्सन क्रूसो’. तो क्रूसो निवडतो. फ्रायडे वाळूत गुडघे टेकून क्रूसोचा पाय स्वतःच्या डोक्यावर ठेवतो, त्या प्रसंगाला वाचन पोचते आणि अटियन संतापतो. कुणी जीव वाचवला म्हणून मी त्याचा गुलाम होणार नाही, त्यापेक्षा मेलेले बरे, अशा अर्थाचे बोलून तो उठून जातो. मॅट थक्क होतो. हे पुस्तक त्याने कितीदा वाचलेले, पण या पानावर थांबावे असे त्याला कधीच वाटले नव्हते. पुढच्या वेळी तो सावध होतो. क्रूसोने फ्रायडेला प्रथम शिकवलेला शब्द ‘मालक’ हा होता, हे त्याला आठवते, आणि तेवढा भाग तो गुपचूप ओलांडून जातो. यापुढे तो अटियनला निवडक क्रूसो ऐकवतो.

भाचीच्या मुलाने विचारले होते ते याच जागेविषयी.

हा प्रसंग वाचताना माझ्या मनात दोन गोष्टी आल्या. त्यातली पहिली स्वतः क्रूसोविषयीच. लहानपणी तालुक्याच्या वाचनालयातून आणून मी जी मराठी संक्षिप्त आवृत्ती वाचली, ती जहाज फुटण्यापासून सुरू होत होती. पुढे बी.ए.ला असताना डिफोचे १७१९ सालचे मूळ पुस्तक हाती आले, तेव्हा कळले की फ्रायडेच्या आधी क्रूसोचा आणखी एक सोबती होता. त्याचे नाव झुरी. क्रूसो मोरोक्कोच्या साले बंदरात दोन वर्षे गुलामीत असतो. मासेमारीच्या होडीतून तो पळ काढतो, तेव्हा एका मूर माणसाला समुद्रात ढकलतो आणि झुरी नावाच्या पोरग्याला बरोबर ठेवतो. त्याआधी त्याच्याकडून पैगंबरांच्या नावाने इमानाची शपथ घेतो. झुरी शपथ पाळतो. आफ्रिकेच्या किनाऱ्यावर पाणी आणायला जायचे असते, तेव्हा हा मुलगा म्हणतो की मी जातो, रानटी लोकांनी खाल्लेच तर मला खातील, तुम्ही निसटा. पुढे एक पोर्तुगीज जहाज दोघांना वाचवते. जहाजाचा कप्तान झुरीची किंमत करतो, स्पॅनिश चांदीची साठ नाणी. ज्याने आपल्याला स्वातंत्र्य मिळवून दिले त्याचेच स्वातंत्र्य विकायचे, याची क्रूसोला थोडी टोचणी लागते. ख्रिस्ती झाला तर दहा वर्षांनी मुक्त करीन, असे कप्तान सांगतो. झुरी राजी होतो, क्रूसोचे समाधान होते, व्यवहार पुरा होतो. नंतर ब्राझीलमध्ये उसाच्या मळ्यावर हात कमी पडू लागतात तेव्हा क्रूसोला झुरीची आठवण येते. मजूर हातचा गेला, एवढ्यापुरती. जे जहाज फुटून तो बेटावर पोचतो, ते गिनीच्या किनाऱ्यावर गुलाम आणायला निघालेले होते.

माझ्या मराठी आवृत्तीत यातले काहीही नव्हते. पानांची मर्यादा असेल, संपादकाचा हेतू वाईट नसेल. तरीही आज प्रश्न पडतो की हा भाग गाळून कुणाचे मन जपले गेले? माझे म्हणावे तर झुरी हा माझ्याच वयाचा, माझ्यासारखेच नाव घेऊन शपथ घेणारा मुलगा होता. तो मला भेटायला हवा होता. जपली गेली ती क्रूसोची प्रतिमा. साहसकथा निकोप करायची म्हणजे बहुधा नायकाचे हात धुवायचे.

याचा अर्थ डिफो दुष्ट होता असा नाही. त्याने विक्रीची किंमतही लिहून ठेवली. नंतरच्या बालावृत्तीकारांपेक्षा तो या बाबतीत अधिक प्रामाणिक ठरतो.

दुसरी गोष्ट सांगायला मला संकोच वाटतो. मी बत्तीस वर्षे मराठीचा शिक्षक होतो. एका शाळेत असताना आठवड्यातून एकदा अवांतर वाचनाचा तास असे, आणि मी वर्गाला एक ऐतिहासिक साहसकथा वाचून दाखवत होतो. कथा रंगतदार, भाषा कसदार. एका प्रकरणात शत्रूच्या सैनिकांचे वर्णन येत होते. ते त्यांच्या सरदाराचे किंवा सल्तनतीचे नव्हते, सरसकट त्यांच्या धर्माचे होते. वर्गात मागच्या बाकांवर आमच्या मोहल्ल्यातली चार-पाच मुले बसत. मी ते दीड पान ओलांडून पुढे गेलो, आवाजात जराही फरक न करता. तास संपल्यावर त्यांतलाच एक मुलगा टेबलाशी आला आणि हळूच म्हणाला, “सर, एक पान राहिलं.” त्याने पुस्तक आधीच वाचलेले होते. मी काहीतरी पुटपुटलो. तो माझ्याकडे जसा पाहत होता, ते मला मॅटच्या जागी बसवून गेले, अर्थात पुष्कळ वर्षांनी, हे पुस्तक वाचल्यावर.

मॅटने गाळले ते मित्राची लाज राखण्यासाठी, हे खरे. कादंबरीही त्याचे श्रेय त्याला देते. त्या गाळण्यामुळेच अटियन पुन्हा ऐकायला येतो, दोघांची मैत्री जमते, आणि हळूहळू चित्र उलटे होते. रानात मॅटच अटियनच्या मागे चालतो, फासे लावायला शिकतो, भाल्याने मासे मारायला शिकतो. आपणच फ्रायडे झालो आहोत, हे त्याच्या मनात येते. ही पाने फार चांगली आहेत. पण तो शब्द पुस्तकात आहेच, आणि अटियन वाचायला शिकला तर एक दिवस त्याला तो सापडणारच, याचा विचार ना मॅट करतो ना लेखिका. वाचायला शिकवणे आणि गाळून वाचणे या दोन गोष्टी एकत्र नांदू शकत नाहीत. कादंबरी इथे अडचणीत येते, आणि तिने शोधलेली पळवाट अशी की अटियनचे शिक्षण अर्धवटच राहते. आपण गोऱ्यांपासून दूर जाणार आहोत, मग वाचून काय करायचे, असे तो म्हणतो.

आता शेवटाकडे येतो, कारण माझा खरा आक्षेप शेवटाविषयी आहे. हिवाळ्याच्या तोंडावर अटियनची जमात शिकारीला जाते आणि परत येणार नाही असे ठरवते. मॅटला बरोबर येण्याचे आमंत्रण मिळते, तो वडिलांची वाट पाहत मागे राहतो. निरोपाच्या भेटी होतात. साकनिस बर्फावर चालण्याची जाळीदार पादत्राणे पाठवतो, अटियन आपला कुत्रा देतो, मॅट वडिलांचे चांदीचे घड्याळ देऊन टाकतो. नाताळच्या सुमारास आई-वडील आणि बहीण पोचतात. बाळ मात्र जगलेले नसते. रान मोकळे झालेले असते. कुणी कुणाला हाकलले नाही, गोळी झाडली नाही. मूलनिवासी आपण होऊन, थोड्या उदास चेहऱ्याने, क्षितिजापलीकडे गेले. वाचणाऱ्या मुलाच्या डोळ्यांत पाणी येते आणि त्याचबरोबर त्याला हायसेही वाटते. जमीन आता मॅटच्या वडिलांची, आणि मैत्रीही शाबूत.

हकीकत अशी नव्हती. कादंबरीत येणारी माणसे पेनॉबस्कॉट लोकांच्या मुलुखातली. १७५५ सालच्या नोव्हेंबरात मॅसॅच्युसेट्सचा कारभार पाहणाऱ्या स्पेन्सर फिप्सने या जमातीविरुद्ध एक जाहीरनामा काढला. बारा वर्षांवरील पुरुषाच्या टाळूचे कातडे आणून दिल्यास चाळीस पौंड, बायकांच्या आणि बारा वर्षांखालच्या मुलांच्या टाळूचे वीस पौंड. कादंबरीतला काळ त्यानंतर तेराच वर्षांनी येतो. अटियनच्या आईला गोऱ्यांनी टाळूच्या कातड्यासाठी ठार मारले, हे स्पिअरबाईंनी सांगितले आहे, त्यांनी ते लपवले नाही. पण ते एक-दोन वाक्यांत येते, मॅटला वाईट वाटते, आणि कथा पुढे सरकते. मारणारे कुणी दुष्ट शिकारी होते असे वाटून वाचक मोकळा होतो. ते इनाम सरकारी तिजोरीतून मिळत होते आणि लहान मुलांचा दरही ठरलेला होता, हे मुलांच्या कादंबरीत कसे सांगायचे, हा प्रश्न अवघड आहे हे मला मान्य आहे. माझे म्हणणे एवढेच की लेखिकेने तो स्वतःला पुरेसा विचारला नाही.

शिवाय पेनॉबस्कॉट कुठेही नाहीसे झाले नाहीत. मेनमध्ये ओल्ड टाउनजवळच्या नदीबेटावर त्यांचे गाव आहे. १९८३ साली कादंबरी आली, त्याच्या तीनच वर्षे आधी या जमातीने आणि शेजारच्या पासामाकोडी जमातीने मेन राज्याच्या सुमारे दोनतृतीयांश भूमीवर कायद्याने हक्क सांगून त्या प्रकरणाची तडजोड घडवून आणली होती. १९८० च्या ऑक्टोबरात अध्यक्ष कार्टर यांनी त्या कायद्यावर सही केली. रक्कम होती ८ कोटी १५ लाख डॉलर. ही तडजोड पुरेशी होती की नाही यावर त्या लोकांतच मतभेद आहेत. पण ज्यांना कादंबरीने क्षितिजापलीकडे पाठवले, ते लेखिकेच्या काळात न्यायालयात आणि वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर होते.

भाषेबद्दल एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. अटियन आणि साकनिस मोडक्या इंग्रजीत बोलतात. मॅटशी बोलताना ते समजू शकते, ती त्यांची परकी भाषा आहे. परंतु आपल्या भाषेत ते किती सहज आणि किती विनोदी बोलत असतील, याची वाचकाला पुसटशीही कल्पना मिळत नाही. कारण आपण सदैव मॅटच्याच कानांनी ऐकतो. आपल्या ऐतिहासिक नाटकांत खान रंगमंचावर आला की मोडकी हिंदी का बोलू लागतो, असे मी एकदा एका नाटकवाल्याला विचारले होते. “लोकांना ओळख पटायला हवी ना,” तो म्हणाला. माझ्या घरात सात पिढ्या मराठीच बोलली जाते, हे त्याला सांगून काही उपयोग नव्हता.

अर्थात स्पिअरबाईंना सर्वांत वाईट उदाहरण ठरवणे अन्यायाचे होईल. लॉरा इंगल्स वाइल्डर यांच्या ‘लिटल हाउस’ मालिकेची गोष्ट पाहा. १९३५ च्या ‘लिटल हाउस ऑन द प्रेअरी’मध्ये ज्या कॅन्सस प्रांतात कुटुंब जाते, तिथे माणसे नाहीत, फक्त इंडियन राहतात, अशा अर्थाचे एक वाक्य होते. १९५२ साली एका वाचकाने प्रकाशकाला पत्र लिहून ते दाखवून दिले, आणि १९५३ च्या आवृत्तीत ‘माणसे’च्या जागी ‘वसाहतकार’ हा शब्द आला. सतरा-अठरा वर्षे ते वाक्य लक्षावधी घरांत मोठ्याने वाचले गेले, आणि कुणालाही खटकले नाही. इंगल्स कुटुंबाने घर बांधले ती जमीन ओसेज जमातीची राखीव जमीन होती. वाइल्डर यांच्या नावाचा अमेरिकन ग्रंथालय संघटनेचा पुरस्कार १९८९ साली स्पिअरबाईंनाही मिळाला होता. २०१८ मध्ये त्या पुरस्काराचे नाव बदलण्यात आले. तेव्हा बरीच आरडाओरड झाली की आता जुनी पुस्तके जाळणार की काय. कुणी जाळली नाहीत, ती आजही दुकानात मिळतात. मला स्वतःला वाइल्डरबाईंचे लोणी काढण्याचे आणि साखर साठवण्याचे प्रसंग फार आवडतात. आवडतात म्हणूनच ते एक वाक्य अधिक बोचते.

दुसऱ्या बाजूने लिहिलेली साहसकथा निकोप असू शकते का? असू शकते, आणि ती अधिक रंगतदारही असते. ओजिब्वे वंशाच्या लेखिका लुईस एर्डरिक यांची ‘द बर्चबार्क हाउस’ ही १९९९ सालची कादंबरी घ्या. सुपिरिअर सरोवरातील एका बेटावर १८४७ च्या सुमारास राहणारी ओमाकायास ही सात वर्षांची मुलगी तिची नायिका. वाइल्डरबाईंच्या मालिकेत जे जे आवडते ते सारे इथे आहे. घर बांधणे आहे, साखर करणे आहे, खोडकर धाकटा भाऊ आहे, अस्वलाची पिल्ले आहेत. आणि मध्येच एक पाहुणा येतो, त्याच्याबरोबर देवी येतात आणि तो हिवाळा घरातल्या लाडक्या तान्ह्या भावाला घेऊन जातो. एर्डरिक यांनी काहीही गाळले नाही, आणि वाचणारे मूल मोडूनही पडत नाही. ओमाकायासची आजी तिथे आहे, शेजारीण आहे, वसंतात परत येणारे पक्षी आहेत.

अबेनाकी परंपरेतले लेखक जोसेफ ब्रुशॅक यांचे ‘द अॅरो ओव्हर द डोअर’ (१९९८) हे छोटे पुस्तक तर स्पिअरबाईंच्या पुस्तकाशेजारी ठेवून वाचावे असे. १७७७ साल, सारातोगाच्या लढाईचे दिवस. क्वेकर पंथाचे लोक शस्त्र न घेता प्रार्थनेला बसलेले आणि बाहेर मूलनिवासी योद्धे. ही जुनी क्वेकर आख्यायिका आहे, आणि आजवर ती एकाच बाजूने सांगितली जात होती. ब्रुशॅक एक प्रकरण क्वेकर मुलाच्या नजरेतून लिहितात आणि दुसरे अबेनाकी मुलाच्या. युक्ती साधी आहे. पण त्यामुळे योद्धे दारात येतात तेव्हा ते कोण, आपसांत काय बोलत आले, कुणाला कशाची भीती वाटते, हे आपल्याला आधीच माहीत असते. अटियन आपल्या लोकांत बसून मॅटविषयी काय बोलला असेल, हे जर स्पिअरबाईंनी एका प्रकरणात लिहिले असते! मला वाटते, ते प्रकरण खूप हसवणारे झाले असते.

मराठीत या दोन पुस्तकांची भाषांतरे व्हावीत असे मनापासून वाटते. ओमाकायासच्या घरातली साखर, फासे, पाण्याच्या भीतीच्या गोष्टी आपल्या मुलांना अजिबात परक्या वाटणार नाहीत. भाषांतरकाराने फक्त मोडक्या भाषेच्या मोहापासून दूर राहावे. आणि क्रूसोची नवी बालावृत्ती कुणी काढणार असेल तर त्याने झुरीची पाच-सहा पाने परत घालावीत. पुस्तक पाच-सहा पानांनी जाड होईल, इतकेच.

भाचीच्या मुलाला मी नंतर फोन केला. त्याच्या जुन्या प्रश्नाचे उत्तर दिले की मॅट खोटे बोलला नाही, पण त्याने ते पान अटियनच्या हाती द्यायला हवे होते. त्याला ते फारसे पटले नाही. “मग तो परत आलाच नसता,” असे म्हणाला, आणि यावर माझ्याकडे चांगले उत्तर नव्हते. मग त्याने विचारले, अटियन पुढे वाचायला शिकला का? मी त्याला पासामाकोडी लोकांची एक खरी गोष्ट सांगितली. १९५७ साली त्यांच्यातल्या एका वृद्ध स्त्रीच्या घरी बुटांच्या खोक्यात जपून ठेवलेले जुने कागद सापडले. त्यांत १७९४ साली मॅसॅच्युसेट्सशी झालेल्या तहाची प्रत होती. कोणती जमीन कुणाची, हे त्यात लिहिलेले होते. त्यांच्या नेत्यांनी ती वाचली, वकील शोधला, आणि पुढे तेवीस वर्षांनी कार्टर यांच्या सहीपर्यंत पोचलेले ते प्रकरण त्या खोक्यातून सुरू झाले.

“म्हणजे साकनिस बरोबर होता,” तो म्हणाला, आणि आईला सांगायला पळाला.